कोल्हापूरचा बांधकाम नियम बदलायचाय? मग आधी गल्लीत टेप लावा

आपल्याकडं घराचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींवर येते, एक म्हणजे "एफएसआय वाढवून द्या" (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) आणि दुसरी म्हणजे हद्दवाढ. दोन्ही विषय खरे आहेत, पण या दोन वाक्यांनी आजवर कुणाचं घर झालेलं मी बघितलेलं नाही. नियम बदलतो तो कागदावरच्या एका ओळीनं, आणि ती ओळ कुठल्या पुस्तकात आहे, ती बदलायचा हक्क कुणाला आहे आणि बदलल्यावर आपल्या गल्लीत नेमकं काय होणार हे माहीत असलेला माणूस असेल तरच तो बदल आपल्या उपयोगाचा होतो. नगरसेवक, तालमीचे कार्यकर्ते, सोसायटीचे सेक्रेटरी, नवीन सिव्हिल इंजिनिअर, सगळ्यांना वापरता येईल असं हे लिहितोय. लांबलंय, पण वाचा, कारण सध्याच्या विकास योजनेला २० वर्षं कधीच उलटून गेलीत आणि पुढची जी होईल ती आपल्या पोरांच्या आयुष्यभर पुरणार आहे.

आधी कुठलं पुस्तक ते बघा

शहराचा "नियम" म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक नकाशा, म्हणजे विकास योजना, आपण डीपी म्हणतो ती. कुठला झोन रहिवासी, कुठं रस्ता १२ मीटरचा होणार, कुठल्या जागेवर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण, हे सगळं त्यात. दुसरं पुस्तक, म्हणजे त्या जमिनीवर किती आणि कसं बांधायचं. आधी प्रत्येक महापालिकेचं आपापलं पुस्तक असायचं, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला एकच पुस्तक आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ऑफिसात सगळे युडीसीपीआर म्हणतात.

हे पुस्तक जाड आहे, सगळं वाचत बसू नका. घराच्या कामासाठी तिसरं प्रकरण (रेखांकन म्हणजे लेआउट, मोकळी जागा, पूररेषा), सहावं (सामासिक अंतरं म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा, उंची, एफएसआय), आठवं (पार्किंग) आणि अकरावं (आरक्षण आणि टीडीआर, म्हणजे जागा दिल्याच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क) एवढं नीट वाचा. दहाव्या प्रकरणात शहरनिहाय खास नियम आहेत, ते आवर्जून उघडा, पुण्या-नागपूरला काय मिळालंय आणि आपल्या वाट्याला काय आलंय हे शेजारी शेजारी ठेवून बघा. मागणी करताना "तिकडं आहे, इकडं का नाही" हा मुद्दा मंत्रालयात चालतो, हे लक्षात ठेवा.

पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव अशा भागात राहत असाल तर तुम्ही महापालिकेत नाही, २०१७ मध्ये ४२ गावांसाठी जे प्राधिकरण झालं त्यात आहात. पुस्तक तेच लागू, पण नकाशा प्रादेशिक योजनेचा, आणि तो बदलायचं कलमही वेगळं, त्यावर खाली येतो.

अडचण एका वाक्यात लिहा, उपाय नंतर

ही पायरी लोक सोडतात. "एफएसआय वाढवा" हा उपाय झाला, अडचण काय ती सांगा. उदाहरणं देतो. "पेठेत तीन भावांच्या वाटणीत ९० चौरस मीटरचा जुना वाडा आहे, तिघांपैकी कुणालाच एकट्याला बांधता येत नाही." "लाल पूररेषेच्या आतल्या जुन्या घरांना दुरुस्तीपेक्षा नवीन बांधणं सुरक्षित आहे, पण ते परवडत नाही." "हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून भाड्याच्या एका-दोन खोल्यांची मागणी वाढलीय आणि आपला नियम फ्लॅटचाच विचार करतोय." हे असं लिहिलं की समोरच्याला उपाय सुचायला लागतो, आणि कधीकधी कळतं की यासाठी नियम बदलायची गरजच नाही, आहे तो नीट वापरला तरी भागतं. जसं १५०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला २०२० च्या पुस्तकानं परवानगीची प्रक्रिया अगदी साधी केली, नकाशा, कागदपत्रं आणि फी भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं, आणि हे अजून अर्ध्या गावाला माहीत नाही.

आता टेप घ्या

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

नवीन पुस्तकात सगळं काही रस्त्याच्या रुंदीवर टांगलेलं आहे. दाट वस्तीबाहेर, महापालिका हद्दीत, मूळ एफएसआय सगळ्यांना १.१. पण रस्ता ९ मीटरच्या खाली असेल तर तिथंच थांबा, पैसे भरून मिळणारा एफएसआय नाही आणि टीडीआरही नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर प्रीमियमचा, म्हणजे पैसे भरून मिळणारा, ०.५ आणि टीडीआरचा ०.४ धरून २ पर्यंत जाता येतं, १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५, आणि ३० मीटर व त्यापुढं ३. याच्यावर रहिवासी इमारतीला ६० टक्के अनुषंगिक एफएसआय वेगळा, कारण आता बाल्कनी, जिना, पॅसेज सगळंच मोजलं जातं.

आता एक उपनगरातली जुनी कॉलनी घ्या, मंजूर रेखांकनात रस्ता साडेसात मीटरचा, प्लॉट ३०० चौरस मीटर. मूळ एफएसआयनं मिळतात ३३०, अनुषंगिक धरून ५२८ चौरस मीटर. तोच प्लॉट ९ मीटरच्या रस्त्यावर असता तर ६०० आणि अनुषंगिक धरून ९६०. फरक रस्त्याच्या दीड मीटरचा, म्हणजे पाच फूट सुद्धा नाही, आणि त्या पाच फुटांवर एका कुटुंबाचं घर पुन्हा बांधणं परवडतंय की नाही हे ठरतंय! त्यामुळं अशा कॉलनीत मागणी "एफएसआय वाढवा" नसते, मागणी असते "आमचा रस्ता ९ मीटरचा करा". दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाऊण मीटर सोडलं की होतं. १५ मीटर दर्शनी बाजू असलेल्या प्लॉटची सव्वाअकरा चौरस मीटर जागा जाते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त स्थायी समितीच्या मान्यतेनं रस्त्याची अशी रेषा ठरवू शकतात, पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे कितीतरी रस्ते ९ मीटरचे करायचा घाट याच कलमाखाली घातला गेला आणि त्यावर भरपूर वादही झाला.

वाद का झाला ते पण समजून घ्या, कारण तो आपल्याकडंही होणार. रस्ता कागदावर ९ मीटरचा झाला, पहिल्या दोघांनी इमारती उभ्या केल्या, बाकीच्यांनी कंपाउंड हलवलंच नाही, म्हणजे गाडी जायला रस्ता तेवढाच आणि राहणारी माणसं दुप्पट. म्हणून मी म्हणतो की आधी टेप. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर २० मीटरला रुंदी मोजा, कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत, आणि शेजारी लिहा की अडथळा काय, पायरी, जिना, विजेचा डीपी बॉक्स, झाड, टपरी. आम्ही एकदा एका रविवारी सकाळी चौघांनी मिळून अशी एक गल्ली मोजली, एकजण टेपचं एक टोक धरून, एकजण दुसरं, तिसरा वहीत लिहितोय आणि चौथा प्रत्येक दारात काय चाललंय ते सांगतोय. कागदावर साडेसात असलेला रस्ता सुरुवातीला ७.४ होता, मधे ६.१ आणि शेवटच्या वळणावर ५.३. त्या वळणावरच्या आजीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "माझी पायरी मोजताय होय? अँब्युलन्स आली तवा तीच आडवी आली." नऊ मीटरच्या मागणीचा अर्ज त्या वाक्यापासून सुरू करावा इतकं ते खरं होतं.

जुन्या पेठांत, म्हणजे मंगळवार, शिवाजी, शुक्रवार, बुधवार पेठ, तिथं दाट वस्तीचा वेगळा तक्ता लागतो, तो वेगळा बघा. उपनगरातले आकडे पेठेत लावून हिशेब करू नका, सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

पंचवीस प्लॉटचा तक्ता

मोजणी झाली की आपल्या भागातले २०-२५ प्लॉट निवडा. कोपऱ्यावरचे, लहान, लांबट, वाटणीचे, पुरात जाणारे, सगळ्या प्रकारचे घ्या, फक्त बिल्डरला आवडतील असे मोठे चौकोनी नकोत. प्रत्येकाचं प्रॉपर्टी कार्ड, झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मग एका ओळीत लिहा: आजच्या नियमात किती बांधता येतं, आपण सुचवतोय त्या नियमात किती, सामासिक अंतरं सोडल्यावर खरंच तेवढं बसतं का, आणि पार्किंग बसतं का. दहात सात वेळा अडतं ते पार्किंगवर आणि साईड मार्जिनवर, एफएसआय शिल्लक राहतो आणि बांधायला जागाच नसते. तिथं एफएसआय तीन काय आणि पाच काय.

याच तक्त्यात पाण्याचा कॉलम ठेवा. वरच्या उदाहरणात एका प्लॉटवर सहा फ्लॅट वाढले, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला ३२४० लिटर. कॉलनीत असे ४० प्लॉट असतील तर जवळपास १ लाख ३० हजार लिटर. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन शहरात आली म्हणजे गल्लीतल्या जुन्या लाइनला पाणी वाढलं असं होत नाही, आणि ड्रेनेजचं तर बोलायलाच नको. हा कॉलम तुम्ही स्वतःहून ठेवला तर समोरचा अधिकारी तुम्हाला सिरिअसली घेतो, कारण हरकत घेणारा पहिला प्रश्न हाच विचारणार असतो.

पुराची रेषा

कोल्हापूरचं कुठलंही घरांचं धोरण पंचगंगेला वगळून लिहिता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, आणि २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी कुंभार गल्लीत, दुधाळीत, सुतारवाड्यात कुठल्याही घरात जावा, भिंतीवर पाण्याची खूण दाखवतात, वरची कुठल्या वर्षाची आणि खालची कुठल्या वर्षाची ते सांगतात.

नियम असा आहे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा यात नवीन बांधकाम बंद, बाग, मोकळं मैदान, पार्किंग अशा थोड्या वापरांना मुभा. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर पाहिजे. आता समजा तुमची जमीन लाल पातळीच्या सहा फूट खाली आहे, तर जोतं साडेसात फुटांवर गेलं. हे दोन पद्धतीनं करता येतं, खांबांवर किंवा मुरूम टाकून. मुरूम टाकला की तुमचं घर वाचतं आणि पाणी शेजारच्याच्या दारात जातं. जयंती नाल्याच्या कडेला हे होताना आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या शहरासाठी स्वतंत्र तरतूद मागायची असेल तर पहिली मागणी ही असावी: पूररेषेच्या आत भराव नको, खांब पाहिजेत, आणि खांबांखालच्या मोकळ्या मजल्यामुळं घरमालकाचं नुकसान होता कामा नये. एफएसआयच्या मागणीआधी ही. वरुणतीर्थ तळ्याचं गांधी मैदान झालं आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा तळं होतं, पाण्याची जागा पाणी विसरत नाही.

मसुदा लिहिणं

निवेदन आणि मसुदा यात फरक आहे. निवेदनाला पोच मिळते, मसुद्यावर शेरा पडतो. मसुद्यात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: कुठल्या भागाला लागू, कुठल्या प्लॉटला लागू, काय करता येईल, कशाला बंदी, आणि आधी परवानगी घेतलेल्यांचं काय. पाचवी गोष्ट विसरलात तर निम्मं गाव कोर्टात जातंय. नमुना म्हणून पूरभागाचा मसुदा असा लिहिता येईल:

"कोल्हापूर महानगरपालिका हद्दीत निळ्या व लाल पूररेषेमधील क्षेत्रात ५०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावरील निवासी इमारतीचा तळमजला उघड्या खांबांवर असेल. जोत्याची पातळी गाठण्यासाठी भराव करता येणार नाही. अशा मोकळ्या तळमजल्याची उंची इमारतीच्या उंचीत व सामासिक अंतराच्या हिशेबात धरली जाणार नाही. तळमजला भिंती घालून बंद केल्यास ते अनधिकृत बांधकाम समजले जाईल. या तरतुदीपूर्वी बांधकाम परवानगी मिळालेल्यांना जुन्या किंवा या तरतुदीनुसार बांधण्याचा पर्याय राहील."

पाच वाक्यं. "शक्यतो", "योग्य त्या ठिकाणी", "आवश्यकतेनुसार" असले शब्द एकही नको, या शब्दांतूनच पुढं टेबलाखालचे व्यवहार होतात.

परवडणाऱ्या घरांसाठी अजून एक मसुदा करण्यासारखा आहे. ४००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या जागेवर २० टक्के छोट्या घरांसाठी ठेवायचा जो नियम आहे, तो १० लाख व त्यापुढच्या लोकसंख्येच्या महापालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेत आपण ५ लाख ४९ हजार, म्हणजे आपण त्यातून बाहेर. पण शहराचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, हद्द वाढत नाही, मोठ्या मोकळ्या जागा बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. त्या संपायच्या आत आपल्याला हा नियम ऐच्छिक सवलतीसह तरी मागता येईल, उदा. छोटी घरं दिली तर प्रीमियममध्ये सूट. बिल्डर मंडळींशी आधी बसून बोला, सगळेच विरोध करत नाहीत.

कुणाकडं जायचं

आता रस्ता, आणि इथं लोक चुकीच्या दारात उभे राहून वर्षं घालवतात.

नकाशातली गोष्ट बदलायची असेल, म्हणजे झोन, रस्त्याची आखणी, आरक्षण, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७. महासभेचा ठराव लागतो (प्रशासक असतील तर त्यांचा), मग राजपत्रात आणि पेपरात नोटीस, एक महिना हरकती-सूचना, बाधित लोकांना सुनावणी, आणि मग शासनाकडं मंजुरीला. या कलमानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता येत नाही, किरकोळ फेरबदलच.

पुस्तकातला शब्द बदलायचा असेल तर ते महापालिकेच्या हातात नाही, शासन कलम ३७ च्या पोटकलम १कक खाली स्वतः नोटीस काढतं, तिथंही एक महिना हरकती. महापालिकेनं ठराव करून मसुदा नगरविकास विभागाकडं पाठवायचा, त्याचा पाठपुरावा आमदारांनी करायचा. ४२ गावांच्या भागात नकाशा बदलायला कलम २०.

आणि सगळीच योजना नव्यानं होत असेल, जी कलम ३८ प्रमाणं २० वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते, तर प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती द्यायच्या. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. ही संधी एका पिढीत एकदाच येते.

ठरावाच्या आधी सहायक संचालक, नगररचना यांच्याकडं मसुदा घेऊन बसा. दुपारी चारनंतर जावा, सकाळी बैठका असतात. तक्ता दाखवा आणि विचारा, "साहेब, यात तांत्रिक चूक कुठं आहे?" चूक त्यांनी आधी सांगितलेली बरी, सुनावणीत कळण्यापेक्षा.

हरकत कशी लिहायची

एकदा एका प्रारूप योजनेवर आम्ही दोनशेच्या वर हरकती दिल्या, सगळ्या एकाच मजकुराच्या, खाली फक्त सह्या वेगळ्या. ऑफिसनं त्या एकत्र करून एकच क्रमांक दिला आणि सगळ्यांची सुनावणी मिळून दहा मिनिटांत उरकली, लोक कामधंदा सोडून लाइनीत उभे होते. त्या लोकांची तोंडं अजून डोळ्यापुढं येतात. त्यानंतर आम्ही झेरॉक्स बंद केली. पन्नास हरकती द्या, पण प्रत्येकीत आपला सिटी सर्व्हे नंबर, आपल्या प्लॉटवर होणारा परिणाम आकड्यात, नकाशाची प्रत आणि पर्यायी वाक्य काय पाहिजे ते. "माझा विरोध आहे" एवढंच लिहिलं तर समितीला लिहायला काही उरत नाही, "या ओळीऐवजी ही ओळ घ्या" असं लिहिलं तर समितीला ती घ्यावी तरी लागते किंवा का घेतली नाही ते नोंदवावं लागतं. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. सुनावणीला तीन मिनिटं मिळतात असं धरून चला आणि गल्लीच्या मोजणीचा कागद पहिल्यांदा टेबलावर ठेवा.

आरक्षणात जागा अडकलेल्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची, योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर कलम १२७ ची खरेदी सूचना देता येते, मग २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. पण जागा बागेची किंवा खेळाच्या मैदानाची असेल तर गल्लीत एकदा बोलून मग सूचना द्या, कारण टीडीआर घेऊन ती जागा महापालिकेला देता येते आणि शेजारच्या पोरांना खेळायला मैदान राहतं.

मंजूर झाल्यावर

राजपत्रात आलं की काम संपत नाही. ऑनलाइन परवानगीच्या सिस्टिममध्ये नवीन नियम भरला गेलाय का ते एका खऱ्या फाइलवर तपासा, नाहीतर पुस्तक एक सांगतंय आणि कॉम्प्युटर दुसरं. एक पानी मराठी माहितीपत्रक करा, आकृतीसह, तालमीच्या फळ्यावर लावा. आणि बरोबर एक वर्षानं तेच पंचवीस प्लॉट पुन्हा बघा, किती जणांनी अर्ज केला, किती जणांना परवानगी मिळाली, कुणाचं काम कशावर अडलं, पूरभागात खांबांखालचा मजला कुणी भिंती घालून बंद केलाय का. तो तक्ता महासभेपुढं आणि नगररचना ऑफिसला द्या, तारीख टाकून, आणि एक प्रत त्या वळणावरच्या आजींच्या घरी.